सगळ्यांनी मिळून नको

मी अप्रेंटिस होणार हे सांगितलं तेव्हा नवऱ्यानं हातातला चहा खाली ठेवला आणि पोटभर हसून घेतलं. तो आयटीआय झालेला, चिंचवडच्या एका कारखान्यात अप्रेंटिस राहून वर आलेला माणूस. आता इथे दुबईत एसीच्या डक्टची कामं घेतो. त्याच्या लेखी अप्रेंटिस म्हणजे निळा डगला घातलेलं, फोरमनच्या शिव्या खाणारं, नुकतं मिसरूड फुटलेलं पोरगं. "या वयात? आणि कशाची म्हणे? फिटर का टर्नर?"

"फ्रेंचची," मी म्हटलं.

"म्हणजे पाना फ्रेंचमधून मागायचा?" आणि परत हसला. आमची कन्या मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "दॅट्स कूल, आई. बट नॉट इन माय स्कूल, प्लीज." झालं. घरातून एवढाच काय तो आशीर्वाद मिळाला.

फ्रेंच मी पुण्यात शिकले होते, होत्या नव्हत्या तेवढ्या परीक्षा देऊन. पुढे लग्न झालं, शारजाला रोल्लाच्या गर्दीत संसार मांडला, मुलगी झाली, मग दुबईत अल कुसैसला आलो, एका दवाखान्यात मी रिसेप्शनला बसले. इतक्या वर्षांत मला फ्रेंच येतं का हे कुणी विचारलं नाही. भांडी घासताना मी आपली तोंडातल्या तोंडात क्रियापदं चालवायची, आपल्या बायका स्तोत्रं म्हणतात तशी. नवऱ्याला वाटायचं मी त्यालाच काहीतरी बोलतेय. बहुतेकदा ते खरंही असायचं.

तर या शाळेची योजना अशी होती. चार दिवस शाळेत एका जुन्या शिक्षिकेच्या हाताखाली राबायचं, आधी बघायचं, मग थोडं थोडं शिकवायचं. शुक्रवारी ऑनलाइन ट्रेनिंग. म्हणजे काम करता करता शिकणं, नवऱ्याच्या भाषेत सांगायचं तर शॉप फ्लोअरवर. वर्ष संपताना बाहेरून एक परीक्षक येणार, माझा एक तास बघणार आणि तिथल्या तिथे निकाल सांगणार. पास झाले तर मोठ्या, तेरा वर्षांपुढच्या मुलांच्या वर्गांना फ्रेंच शिकवायची तिथली रिकामी जागा माझी, आणि तीही दुसऱ्याच दिवसापासून. नापास झाले तर दुसऱ्या दिवसापासून शाळेत पाऊल ठेवायचं कारण नाही, खलास. मुख्याध्यापकांनी हे अगदी गोड शब्दांत, पण पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. चाळिशी ओलांडलेल्या बाईला असं दार दुसऱ्यांदा कोण उघडणार होतं? मला ते पुरतं ठाऊक होतं, आणि वर्षभर तेच घोकत मी कारपूलच्या गाडीत बसत होते.

जिच्या हाताखाली मला टाकलं ती बाई ट्युनिशियाची. साठीच्या आसपासची, बुटकी, बारीक, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. सगळी शाळा तिला मादाम म्हणायची, म्हणून मीही मादामच म्हणते. मला मुलं 'मिस' म्हणत. पहिल्या दिवशी मादामनं मला शेवटच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं, "आज काही लिहून घेऊ नकोस. नुसतं बघ."

तेरा-चौदा वर्षांची पोरं. इजिप्तची, रशियाची, फिलिपिन्सची, पाकिस्तानची, केरळची, पंजाबातली, दोन-तीन इथली एमिराती. प्रत्येकाच्या घरात वेगळी भाषा आणि शाळेत सगळ्यांची मिळून इंग्रजी. मादाम एक कापडी पिशवी घेऊन आली. त्यातून तिनं एक वांगं काढलं, एक जुना बूट काढला, एक छत्री काढली. टेबलावर ओळीनं मांडलं. इंग्रजीचा एक शब्द नाही, अरबीचा नाही. वांगं उचलायचं, नाव घ्यायचं, वास घ्यायचा, नाक मुरडायचं. बूट कानाला लावून त्याच्याशी फोनवर बोलल्यासारखं बोलायचं. पोरं खिदळत होती. मी मनात म्हटलं, बाई गं, ही तर सर्कस आहे.

आणि तास संपत आला तेव्हा एक भलादांडगा इजिप्शियन मुलगा टेबलामागे दुकानदार होऊन उभा होता आणि एक रशियन मुलगी त्याला चक्क फ्रेंचमध्ये सुनावत होती, "तुमचं वांगं जुनं आहे. मला नको." तो म्हणाला, "वांगं जुनं नाही, मॅडम. तुम्ही जुन्या आहात." वर्गात नुसता हशा फुटला. माझ्या मात्र अंगावर काटा आला. अहो, सकाळी दारातून आत येताना या पोराला वांग्याला काय म्हणतात हेही माहीत नव्हतं! आणि आता तो परक्या भाषेत दुसऱ्याची टर उडवत होता. मी पुण्यात कितीतरी वर्षं वह्याच्या वह्या भरल्या होत्या, पण जिवंत माणसाला फ्रेंचमधून चिडवायची माझी आजही छाती झाली नसती. त्या दिवशी गाडीत मी वांग्याचा तो संवाद पुटपुटत बसले होते. इंटरनॅशनल सिटीतून येणारी आमची कारपूलवाली म्हणाली, "मॅडम, तबियत ठीक है ना?"

मला वाटलं होतं, दोन आठवड्यांत शिकेन. कसलं काय. मादाम काय करते ते दिसायचं, पण कसं करते ते काही केल्या दिसायचं नाही. तिच्यापुढे मुलं बोलायची. जी गणिताच्या तासाला भिंतीला डोकं टेकून झोपायची, तीसुद्धा बोलायची. मी शेवटच्या बाकावर बसून नुसती बघत राहायचे, आणि रोज नव्यानं थक्क व्हायचे. या पन्नास किलोच्या बाईत आहे तरी काय?

मग माझा पहिला तास आला. मी उभी राहिले आणि काय सांगू, वर्ग दणाणून सोडला. आपल्याकडच्या बाई शिकवतात ना, अगदी तसा. "पॅरिस ही राजधानी आहे कुणाची? फ्राऽऽ..." की सगळा वर्ग, "न्स!" "आज वार कोणता? मंऽऽ..." "गळवार!" हे सगळं फ्रेंचमध्ये, हं. पण चाल तीच, जी माझ्या कानात सांगलीच्या शाळेपासून बसलेली. वाक्याची शेपटी बाईंनी लटकती सोडायची आणि वर्गानं ती एका सुरात पकडायची. पोरांना भारी मजा आली. शेजारच्या वर्गातले शिक्षक काय झालं म्हणून डोकावून गेले. मी घामाघूम, पण खूश. म्हटलं, आता मादाम पाठ थोपटणार.

मादामनं मला थर्मासमधला पुदिन्याचा चहा ओतून दिला आणि विचारलं, "छान. त्यात कोण कोण बोललं?"

"सगळे," मी म्हटलं.

"सगळे म्हणजे कोण?"

खरं सांगते, मला रागच आला. एवढा वर्ग गाजवला आणि ही बाई विचारते कोण बोललं! मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं, "आमच्याकडे असंच शिकवतात. आम्ही असेच शिकलो."

ती चिडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मला फळ्याजवळ कोपऱ्यात खुर्ची दिली, मुलांकडे तोंड करून. म्हणाली, "मी शिकवते. तू कान बंद ठेव. फक्त तोंडं बघ." आणि ती उभी राहिली आणि तिनं माझी नक्कल केली. अगं बाई! माझा हेल, माझे हातवारे, माझ्या भुवया, माझी ती लटकती शेपटी. "फ्राऽऽ..." ट्युनिशियाच्या बाईच्या तोंडून सांगलीची शाळा बोलत होती. पोरं खदखदून हसली, मीही हसले, पण डोळे मुलांच्या तोंडावर ठेवले.

आणि मग दिसलं. पुढचे पाच-सहा जण बोंबलत होते. त्यांच्यामागचे अर्धा शब्द उशिरा, त्यांच्या आवाजाच्या पाठीवर बसून येत होते. एक जण जांभई देत होता आणि जांभईतच "न्स" म्हणत होता. दुसऱ्या ओळीत खिडकीशी बसणारी केरळची मुलगी तोंड उघडत होती, मिटत होती. अगदी वेळेवर उघडत होती, वेळेवर मिटत होती. आतून आवाज मात्र येत नव्हता. एकदाही नाही.

आणि ती मुलगी माझ्या हिशेबानं वर्गातली पहिली होती. लेखी परीक्षेत तिला कायम पैकीच्या पैकी. अक्षर असं की बघत राहावं. मी मादामला चार दिवसांपूर्वीच सांगितलं होतं की हिची मला काही काळजी नाही.

"तिचा आवाज कसा आहे?" मादामनं नंतर विचारलं. शाळा सुरू होऊन महिने झाले होते आणि त्या पोरीचा आवाज जाड आहे का बारीक, हे मला माहीत नव्हतं.

तिथून माझी खरी अप्रेंटिसशिप सुरू झाली. मादामकडे एका काचेच्या पेल्यात आईस्क्रीमच्या काड्या असत, प्रत्येक काडीवर एका मुलाचं नाव. आधी प्रश्न विचारायचा, मग काडी काढायची, नाव वाचायचं, आणि गप्प बसायचं. बस्स. एवढंच तिचं गुपित. ती हात मागे बांधून, त्या मुलाकडे बघत उभी राहायची, जणू बसस्टॉपवर उभी आहे आणि बस येणार याची तिला खात्री आहे. मूल चुळबुळ करायचं, छताकडे बघायचं, ओठ चावायचं. मादाम हलायची नाही. आणि मग त्या शांततेतून एक शब्द यायचा, वाकडातिकडा, मग दुसरा, आणि तो त्या मुलाचा स्वतःचा असायचा. मी कितीतरी वेळा ते पाहिलं आणि प्रत्येक वेळी मला वाटलं, आत्ता इथे माझ्यासमोर काहीतरी जन्माला आलं. देवाशपथ, हसू नका, मला तसंच वाटायचं.

बघायला सोपं, करायला महाकठीण. मी गप्प बसणारी बाई नाही हो. माझ्या माहेरी म्हणायचे, हिला भिंत दिली तरी ही भिंतीशी गप्पा मारेल. मूल दोन क्षण थांबलं की माझी जीभ वळवळायची. पहिलं अक्षर मी देणार. मग दुसरं. मग सगळं वाक्य मीच म्हणणार आणि वर "शाब्बास!" असं त्याला म्हणणार. मादाम मागून हळूच म्हणायची, "यल्ला, चल, आता तूच परीक्षेलाही बस." मी जीभ दातांत धरायला शिकले. मग तळहातात नख रुतवायला शिकले. भातावरचं झाकण सारखं उघडलं की भात कच्चा राहतो, हे मला स्वयंपाकघरात कळत होतं, वर्गात कळायला निम्मं वर्ष गेलं.

घरीही सराव केला. जेवताना मुलीला विचारलं, "आज काय झालं शाळेत?" आणि गप्प बसले. ती पोळीचा तुकडा मोडत राहिली. मी गप्प. नवऱ्यानं घास तोंडापाशी थांबवला, माझ्याकडे बघितलं आणि काळजीनं विचारलं, "काय गं, बरं नाही का? बीपी बघू या का?" कन्या म्हणाली, "आई, यू आर स्केअरिंग मी."

खिडकीजवळच्या त्या मुलीची काडी निघायची तेव्हा मात्र माझं सगळं शिक्षण गळून पडायचं. तिचं नाव घेतलं की ती मान खाली घालायची, मानेपर्यंत लाल व्हायची. मला तिची दया यायची आणि मी पुढची काडी काढायची. दर वेळी. मादाम एकदा म्हणाली, "ही दया नाही. ही तुझी घाई आहे." मला ते झोंबलं. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले.

मग पालकसभा झाली. ती मुलगी आईबरोबर आली. आई बोलकी, हसरी, गोड बाई. मी मुलीला विचारलं, "तुला फ्रेंच आवडतं का?" आई म्हणाली, "खूप आवडतं मॅडम, घरी सारखी लिहीतच असते." मी मुलीला विचारलं, "काय अवघड जातं?" आई म्हणाली, "बोलायला लाजते हो, लहानपणापासून अशीच." मी मुलीकडे बघत होते आणि तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. अगदी वर्गातल्यासारखं. परवाच आमच्या लिफ्टमध्ये कुणीतरी माझ्या मुलीला कितवीत आहेस म्हणून विचारलं होतं, आणि उत्तर मी दिलं होतं. त्या बाईवर मी काय रागावणार? ती तर मीच होते.

परीक्षेचा दिवस उजाडला. सकाळी इडली ताटात तशीच राहिली. नवऱ्यानं मला स्वतःच्या पिकअपमधून शाळेत सोडलं, मागे डक्टचे पत्रे खडखडत होते. उतरताना म्हणाला, "जा. फोरमनला घाबरायचं नसतं." एवढंच म्हणाला, पण त्याच्या बोलण्यात त्या दिवशी थट्टा नव्हती.

परीक्षक इंग्लंडची बाई, उंच, चेहऱ्यावरची माशी हलेल तर शपथ. हयातभर फ्रेंच शिकवून आता शिक्षकांच्या परीक्षा घेत फिरणारी. ती मागे मादामशेजारी बसली, छातीशी फाइल धरून. मी वर्गाकडे वळले आणि बघते तर काय, पोरं ताठ बसलेली, डोळे चमकताहेत. त्यांना सगळं कळलं होतं. तो इजिप्शियन पुढच्या बाकावरून कुजबुजला, "मिस, डोन्ट वरी. वी विल शाउट."

आणि ओरडलीच की! मी पहिला साधा प्रश्न विचारला, घरी कोण कोण असतं असा, आणि अख्खा वर्ग एका आवाजात गर्जला, "आई! बाबा! भाऊ! बहीण!" माझ्यासाठी. माझी नोकरी पक्की व्हावी म्हणून. माझीच जुनी चाल त्यांनी मला भेट म्हणून आणली होती. मला भरून आलं. आणि मोहही झाला, खोटं कशाला बोलू. शेपट्या सोडत गेले असते तर वर्ग कसा गाजला असता! मागच्या बाईला जिवंत, उत्साही वर्ग दिसला असता आणि माझी नाव पार झाली असती.

मी हात वर केला. "सगळ्यांनी मिळून नको," मी फ्रेंचमध्ये म्हटलं. "एकेकानं." पोरं हिरमुसली. इजिप्शियननं माझ्याकडे असं बघितलं, जणू बाईंचं डोकं फिरलंय.

मग मी खरा प्रश्न विचारला. "घरी तू कुणाशी बोलतोस? कुणाशी बोलतेस?" पेल्यात हात घातला. काडी काढली. खिडकीजवळच्या मुलीची.

नाव फक्त मला दिसत होतं. दुसरं कुठलंही नाव वाचलं असतं तरी जगात कुणाला कळलं नसतं. मागे माझं भवितव्य फाइल घेऊन बसलं होतं आणि माझ्या हातात ती काडी होती, जिच्यापासून मी वर्षभर पळाले होते. मी ते नाव वाचलं. कसं वाचलं मला माहीत नाही. तोंडातून निघून गेलं.

तिनं मान खाली घातली. मान लाल झाली. मी हात मागे बांधले.

शांतता पसरली. एसीची घरघर ऐकू येऊ लागली. मी जीभ दातांत धरली होती. पहिलं अक्षर द्यावं का? फक्त एक? मागे पेन कागदावर चाललेलं ऐकू येत होतं. नापास, नापास, असंच ते पेन लिहीत असणार. इजिप्शियननं सांगायला तोंड उघडलं, आणि त्याच्या शेजारणीनं त्याला कोपरानं ढोसलं. कुणी हसलं नाही. कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि मला एकदम जाणवलं की मी एकटी थांबलेली नाही. सगळा वर्ग थांबला होता. तेरा-चौदा वर्षांची ही माकडं, जी कँटीनच्या रांगेत एक मिनिट थांबत नाहीत, ती तिच्यासाठी श्वास धरून थांबली होती. हे मी त्यांना कधी शिकवलं होतं? मादामनं? कुणी शिकवलं हे त्यांना?

तिनं मान वर केली.

"मी," ती म्हणाली. आवाज जाड होता. मी वर्षभर बारीक समजत होते. "मी घरी... बोलत नाही. माझी आई बोलते. ती माझं पण बोलते." मग थांबली. मला वाटलं झालं, पण ती माझ्याकडे रोखून बघत होती. "आणि तुम्ही, मादाम?"

मला 'मिस' नाही, 'मादाम' म्हणाली ती. आणि मी, भिंतीशी गप्पा मारणारी बाई, उभी राहिले गप्प. शब्द सगळे येत होते हो, पुण्यातल्या सगळ्या परीक्षा दिलेल्या होत्या मी. पण हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. वर्ग आता माझ्यासाठी थांबला होता. कुणी मला पहिलं अक्षर दिलं नाही.

"मी आई आहे," मी शेवटी म्हटलं. "मी सगळ्यांचं बोलते."

ती हसली. खळखळून, आवाज करून हसली, आणि म्हणाली, "मला माहीत आहे, मादाम." मग वर्ग हसला. मीही हसले, डोळ्यांत पाणी घेऊन. सांगलीची एक बाई आणि केरळची एक पोरगी, ट्युनिशियाच्या म्हातारीनं शिकवलेल्या भाषेत एकमेकींना खरं काहीतरी सांगत होत्या. जी भाषा या वर्गात एकाच्याही घरची नाही, त्या भाषेत. अजून आठवलं की मला नवल वाटतं, आणि माणसाच्या जातीबद्दल फार आदर वाटतो.

त्यानंतर हात वर येतच राहिले. प्रत्येकाला सांगायचं होतं, घरी कोण बोलतं, कोण ऐकत नाही. तासाच्या आखणीतल्या शेवटच्या दोन गोष्टी राहूनच गेल्या, आणि घंटा झाली.

पोरं बाहेर धावली. परीक्षक उठून दाराशी आली, फाइल तशीच छातीशी. शेजारी मादाम, तिचाही चेहरा कोरा. "आखलेलं बरंच राहिलं," परीक्षक म्हणाली. "ती मुलगी इतका वेळ अडली होती. तुम्ही तिला मदत का केली नाहीत?"

"मदतच करत होते," मी म्हटलं.

तिनं मान हलवली, ती होकाराची का नकाराची कळेना. निकाल सांगायला तिनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ती मुलगी बाहेरच्या गर्दीतून उलटी फिरून, दप्तर एका खांद्यावर घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मादाम," ती म्हणाली आणि अडली. पुढचं वाक्य अजून आत तयार होत होतं.

"एक मिनिट हं," मी परीक्षकबाईला म्हटलं, चक्क मराठीत, आणि तिला हातानं थांबवून मुलीकडे वळले. कॉरिडॉरमध्ये पोरांचा गलका होता. मी थांबले.

"उद्या," मुलगी फ्रेंचमध्ये म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. मग, "उद्या मला आधी विचारा."

आणि उत्तरासाठी उभी राहिली. मी काय सांगणार? उद्या मी इथे असणार का, हे त्या फाइलमध्ये होतं. हो म्हणायचा मला हक्क नव्हता आणि नाही म्हणायला तोंड होईना. मी परीक्षकबाईकडे बघितलं.

तिला प्रत्येक शब्द कळला होता. तिनं छातीशी धरलेली फाइल खाली घेतली, आधी त्या मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तीही फ्रेंचमध्येच म्हणाली, "विचारा की, मादाम. उद्या तिलाच आधी विचारा."